उथळ पाण्याचं यंत्र

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं आणि आमच्या काटेवडगावच्या तळ्यावर मारोती काठी घेऊन बसायला लागला. तळ्यात उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी ठेवायचं, असं ग्रामसभेत ठरलं होतं. मोटारी उचलल्या, धुणी बंद झाली, म्हशी टँकरच्या हौदाकडं वळल्या. पाण्यात कुणी पाय घालायचा नाही, जाळं टाकायचं नाही, तराफा लोटायचा नाही. गाळ ढवळला की नळाला चहासारखं पाणी यायचं आणि ते पिऊन अर्धी आळी दवाखाना करून आली होती. काठावर बसून गळ टाकायला मात्र कुणाची हरकत नव्हती. गळाला लागून लागून किती मासळी लागणार, असा सगळ्यांचा हिशेब होता.

या ठरावानं गावातलं एकच घर खरं अडचणीत आलं. ते व्यंकटी भोयाचं. व्यंकटीला शेत नव्हतं. तळं हेच त्याचं शेत. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर पालथं पडायचं, हातानं पाणी मागं सारत मधोमध जायचं आणि जाळं सोडायचं, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत होता. आता ते जाळं घराच्या आढ्याला टांगलं आणि तो शिरूरहून तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणि गळ घेऊन आला. गळ टाकणं म्हणजे शाळा बुडवणाऱ्या पोरांचं काम, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता. चाळिशी उलटल्यावर त्याला ते पोरांचं काम पहिल्या यत्तेपासून शिकावं लागलं.

पहिले काही दिवस फारच वाईट गेले. तंगुसानं त्याच्या बोटांची कातडी सोलून निघाली. उन्हानं मानेवर फोड आले. कणकेची गोळी गळावरून कधी सुटून जायची हे त्याला कळायचंसुद्धा नाही. त्यात तळ्यात जागोजागी बाभळीची खुंटं. एकदा गळ असाच खुंटाला अडकला आणि व्यंकटी सवयीनं सरळ पाण्यात उतरला.

“व्यंकटी, पाय काड,” मारोती वरून ओरडला.

“अरे गळ अडकलाय. नवा हाय.”

“गळ असू दे न्हाईतर सोन्याची साखळी असू दे. पाय काड. बाया बघायल्यात.”

घागरी घेऊन आलेल्या बायका खरंच बघत होत्या. त्यातल्या एकीनं “भोयालाच पान्याची बंदी आली गं,” असं म्हटलं आणि बाकीच्या हसल्या. व्यंकटीनं तंगूस दातानं तोडला, पाय बाहेर काढला आणि पोटरीपर्यंतचा चिखल तसाच ठेवून काठावर बसला. थोड्या वेळानं मारोती त्याच्याजवळ आला, चंचीतली तंबाखू पुढं केली आणि म्हणाला, “माजा राग धरू नको. पंचायतीनं मला त्याच्यासाठीच ठिवलंय.” मारोती बौद्धवाड्यातला, व्यंकटीच्या बरोबरीचा. लहानपणी दोघं याच पाण्यात पोहायला शिकले होते. व्यंकटीनं तंबाखू घेतली. राग मारोतीवर नव्हताच.

खरी पंचाईत वेगळी होती. गेल्या दोन उन्हाळ्यांत जेसीबी लावून तळ्यातला गाळ काढला होता. ज्याला जिथं बरा वाटला तिथून त्यानं गाळ उचलून शेतात नेला. त्यामुळं तळ्याचा तळच बदलला होता. पूर्वी कुठं डोह, कुठं टेकाड, हे व्यंकटीला पायाच्या तळव्यानं ठाऊक होतं. आता ते सगळं खोटं झालं होतं, आणि नव्यानं बघायचं तर पाण्यात उतरायची मनाई. उन्हाळ्यात मासळी खोल जागेला जाऊन बसते. ती जागा कुठं, हेच त्याला माहीत नव्हतं. आमच्यासारख्या काठावरून बघणाऱ्या माणसात आणि त्याच्यात काही फरक उरला नव्हता, आणि त्याला हे फार लागलं होतं.

घरी बायको पारूबाई आणि आई केवळाबाई. केवळाबाई ही पारूची सख्खी आत्या. पारूची आई बाळंतपणात गेली, तेव्हा या आत्यानंच तिला आपल्या घरी आणून वाढवलं आणि पुढं सून करून घेतलं. आता केवळाबाईचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. भिंतीला हात लावत ती गावभर फिरायची. कुणाच्या भिंतीला कुठं कोनाडा आहे, हे तिला घरमालकापेक्षा जास्त माहीत.

पारूची बहीण हैदराबादला. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे व्यंकटीच्या साडूनं, एका बांधकामावर राखणदाराची जागा धरून ठेवली होती. नवरा-बायको दोघांना काम, राहायला पत्र्याची खोली. एकच अट होती, म्हातारीला आणायचं नाही. मागं एकदा केवळाबाई तिकडं राहून आली होती. पत्र्याच्या खोल्या सगळ्या सारख्या, हात लावून ओळखायला एक भिंत नाही. दाराबाहेर पडली की वाट चुकायची. शेवटी बाहेर जायला लागू नये म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. तिला उचलून परत आणावं लागलं.

“तुमी जावा,” केवळाबाई आता रोज म्हणायची. “मी ऱ्हाते. भाकरतुकडा कुनीबी घालतंय.”

भाकरतुकडा घालणारी घरं एकेक करून कुलूप लावून चालली होती, हे पारूबाईला दिसत होतं. आंधळ्या आत्याला रिकाम्या गल्लीत ठेवून जायचं, या विचारानं तिला जेवण जात नव्हतं.

यंत्राची गोष्ट तिच्याच डोक्यात आली. बहिणीकडं लग्नाला गेली असताना तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर एक चित्र पाहिलं होतं. एक गोरा माणूस काठावरून चेंडूसारखं काहीतरी पाण्यात फेकतो आणि हातातल्या डबीवर त्याला मासळी दिसते. तिनं हे व्यंकटीला सांगितलं तेव्हा तो हसला.

“मंग नारळ घिऊन पानाड्यालाच बलव की. त्यो बोअर दाखवतो तशी मासळी दाखवंल.”

“हसू नका. तुमाला दिसंना झालंय तर ज्याला दिसतंय त्याला इचारावं.”

“आन् पैशे?”

“शेळीची पाठ हाय की. चारा न्हाई, पानी न्हाई. आज न्हाई उद्या इकायचीच हाय. हैदराबादच्या खोलीत तिला कुठं बांधनार?”

बाजाराच्या दिवशी पारूबाई पाठ घेऊन उदगीरला गेली. पाठ विकली, डोळे पुसले आणि बसस्टँडमागच्या शंकरप्पाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. शंकरप्पा मोबाइल दुरुस्त करायचे, टॉर्च विकायचे, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या विकायचे आणि कुणाला काही मागवून हवं असलं तर कॉम्प्युटरवर बघून मागवून द्यायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. दुकानाची पाटी त्यांनी नवी रंगवून घेतली होती. तिच्यावर दुकानाचं नाव, गल्ली, उदगीर आणि त्यापुढं ‘जिल्हा’ एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, असं ते दिवस होते. पेंटरला दोनदा बोलवायला नको म्हणून शंकरप्पा थांबले होते.

“अप्पा, पान्यात मासळी कुठं हाय ते सांगायचं मशीन असतंय म्हनं,” पारूबाई म्हणाली. “मला एक पायजे.”

शंकरप्पांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “शिव शिव. बाई, आमच्या घरात अंडं आलं न्हाई कधी. मला मासळीचं काय इचारायलीस?”

“खावा कुठं म्हनले? मशीन बघा म्हनायले.”

शंकरप्पा हसले. धंदा म्हणजे धंदा. शिवाय मशीन म्हटलं की त्यांचा जीव राहायचा नाही. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि अर्धा तास दोघंही त्यात बुडाले. मोठमोठी यंत्रं होती, ती नावेला बसवायची. नाव नाही, ती गेली. मग एक छान पांढरा गोळा दिसला. तो पाण्यात टाकायचा आणि चित्र मोबाइलवर बघायचं.

“मोबाइल कंचा हाय तुझा?”

पारूबाईनं कमरेच्या पिशवीतून बटणांचा मोबाइल काढला. कव्हर रबरानं बांधलेलं होतं. तोही गोळा गेला.

शेवटी दोन उरले, दोन्ही पाठीच्या किमतीत बसणारे. दोन्हींना स्वतःची हातात धरायची डबी होती, उन्हातही दिसेल असा पडदा होता. एकात बिनवायरचा गोळा तंगुसाला बांधून फेकायचा. दुसऱ्याला लांबलचक वायर आणि तिच्या टोकाला भोपळ्याच्या बीसारखा चपटा तुकडा. शंकरप्पांनी चष्मा सारखा केला.

“ह्यो गोळ्यावाला शंबर फूट खोल बघतोय. आन् ह्यो वायरवाला तीनशे फूट.”

“तीनशे?” पारूबाईचा आवाज बदलला.

“तीनशे. आन् वायर बी चांगली लांब हाय.”

दुकानात मोबाइल घ्यायला आलेला एक शेतकरी होता. तोही वाकून बघत होता. “तीनशेवालंच घ्या बाई,” तो म्हणाला. “शंबर फुटाला आता काय लागतंय? आमच्याकडं सहाशेला फुफाटा निघायलाय.”

हे तिघांनाही पटलं. आमच्या भागात त्या वर्षी खोलीशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. कुणाचा बोअर किती फुटांवर गेला, यावरून माणसाची ऐपत आणि नशीब ठरायचं. जास्त खोल ते जास्त चांगलं, यात विचार करण्यासारखं काही असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. शंकरप्पांनी वायरवालं मागवलं.

आठवडाभरात ते आलं. त्या दिवशी व्यंकटी दाढी करून तळ्यावर गेला. बातमी आधीच फुटली होती. आम्ही पाचपंचवीस माणसं काठावर जमलो. रोजगार बंद, तेव्हा बघायला काहीही चालत होतं. पारूबाईनं डबी हातात धरली. व्यंकटीनं वायर गोफणीसारखी फिरवून तुकडा पाण्यात फेकला.

पडद्यावर तीन आडव्या रेघा आल्या. त्या तशाच राहिल्या.

व्यंकटीनं पुन्हा फेकलं. पुन्हा रेघा. बांधाच्या बाजूला जाऊन फेकलं, सांडव्याकडं जाऊन फेकलं. तिसऱ्या ठिकाणी वायर खुंटाला अडकली आणि ती सोडवताना त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. डबी एकदाच ‘टूं’ करून वाजली. तेव्हा सगळे पुढं सरकले, पण ती बॅटरी कमी झाल्याची हाक होती.

“व्यंकट्या, बोअर फेल गेला की रं तुझा,” मागून कुणीतरी म्हणालं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? आता आठवलं की बरं वाटत नाही, पण तेव्हा हसू आलं खरं.

पारूबाईनं वायर कोपरावर गुंडाळली. तिला पाठ आठवत होती. तीन दिवसांची असताना तिनं तिला बोटानं दूध पाजलं होतं. घरी गेल्यावर व्यंकटी रागावेल असं तिला वाटलं, पण तो रागावला नाही. “साडूला सांग,” तो म्हणाला, “सोमवारच्या हैदराबादच्या जीपला येतो म्हनून.” केवळाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती म्हणाली, “लई चांगलं झालं. जावा. जावा बाबांनो.”

शुक्रवारी पारूबाई ते खोकं घेऊन पुन्हा उदगीरला गेली. भांडायला गेली नव्हती. निम्मे पैसे परत मिळाले तर आत्याजवळ ठेवून जाता येतील, एवढंच तिच्या मनात होतं. दुकानात शंकरप्पांची बायको गंगम्मा जेवणाचा डबा घेऊन आलेली होती. पारूबाईनं सगळं सांगितलं. रेघा सांगितल्या, लोकांचं हसणं सांगितलं. मग तिला सोमवारची जीपही सांगावी लागली, आणि जिपेबरोबर आत्याही आली. गंगम्मानं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “तुमच्या तळ्यात पानी किती हाय बाई?”

“असंल की पुरुषभर. लई ठिकानी कमरंएवढंच.”

गंगम्मा नवऱ्याकडं वळली. “यंत्र किती खोल बघतंय ते तुमी इचारलाव. किती उथळ बघतंय ते इचारलाव का?”

शंकरप्पांनी कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ ते वाचत राहिले आणि वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. तीनशे फुटांचं ते यंत्र समुद्रासाठी, मोठ्या धरणांसाठी होतं. पुरुषभर पाण्याच्या आत त्याला काहीच दिसत नव्हतं. तसं तिथं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. शंभर फुटांचा गोळा मात्र गुडघ्याच्या वर पाणी असलं की बघू शकत होता.

“माजी चूक हाय,” शंकरप्पा म्हणाले. “मी बोअर मारल्यासारखं मशीन घेतलो.”

“न्हाई अप्पा, मीबी हाव म्हनलेच की.”

“तू मला इचारायला आलतीस. मी सांगायला बसलोय हितं.” त्यांनी खोकं आत ठेवलं. “हे मी बघतो कुनाच्या गळ्यात मारायचं ते. न्हाईच गेलं तर आमच्या नातवंडांना खेळायला. माजा भाचा हैदराबादला दुकानात हाय. त्याला सांगून गोळा रातच्या बसच्या डायव्हरजवळ द्यायला लावतो. रविवारी मी सोता घिऊन येतो. जीप सोमवारी हाय न्हवं?”

पारूबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली, तर गंगम्मानं तिचा हात धरला. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि मग नवऱ्याला, “जावा तुमी. फक्त आल्यावर आंगुळ केल्याबिगर घरात येऊ नका.”

येताना एसटीत पारूबाई रडली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? पारूबाई म्हणाली, “न्हाई वो. मानसं लई चांगली असतेत.”

रविवारी सकाळच्या एसटीनं शंकरप्पा उतरले. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात खोकं. या खेपेला कुणी फारसं जमलं नाही, कारण फेल गेलेला बोअर कुणी दुसऱ्यांदा बघायला जात नाही. मी होतो, मारोती होता. पारूबाईनं केवळाबाईला हाताला धरून आणून लिंबाच्या सावलीत बसवलं होतं. शेवटचा दिवस म्हातारीबरोबर काढावा, असं तिनं ठरवलं होतं.

व्यंकटीनं गोळा तंगुसाला बांधून फेकला. गोळा मोसंबीएवढा, पाण्यावर तरंगत राहिला. पारूबाईनं डबी धरली आणि या वेळी पडद्यावर आकडा आला.

“तीन फूट,” शंकरप्पांनी वाचून सांगितलं.

व्यंकटी गोळा ओढत, फेकत काठाकाठानं चालू लागला. मागं पारूबाई, तिच्यामागं धोतर सावरत शंकरप्पा, आणि सगळ्यांच्या मागं पायांवर नजर ठेवून मारोती. तीन, साडेतीन, चार, पुन्हा तीन. एका ठिकाणी डबी वाजली आणि मासळीचं चित्र आलं. व्यंकटीनं घाईनं गळ टाकला. शंकरप्पांनी खोक्यातला माहितीचा कागद वाचला आणि म्हणाले, “थांब. चित्र हालंना झालंय. जे हालत न्हाई ते खुंट असतंय म्हनं.” गळ खरोखर खुंटाला लागला. मारोतीनं नुसतं खाकरून आठवण दिली. व्यंकटीनं तंगूस तोडला.

ऊन चढलं. शंकरप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं नाकापर्यंत आली. तळ्याच्या मागच्या अंगाला बाभळींच्या रांगेपाशी ते पोचले, तेव्हा व्यंकटी थांबला. “हितं कायबी न्हाई,” तो म्हणाला. “हितं टेकाड हाय. पान्यानं भरलेल्या तळ्यात मी हितं हुबा ऱ्हाऊन बिडी वढलेली हाय.”

“मंग टाका तरी,” पारूबाई म्हणाली.

त्यानं बायकोच्या समाधानासाठी टाकला. आकडा चारवरून सात झाला, सातवरून अकरा. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. अकराच होते. जेसीबीनं ते टेकाडच्या टेकाड उचलून कुणाच्या तरी शेतात नेऊन टाकलं होतं आणि त्या जागी खड्डा करून ठेवला होता. डबी वाजू लागली. पडद्यावर चित्रं आली आणि ती हलत होती. एक गेलं, दुसरं आलं, मग तीन एकदम आली.

“व्यंकटी,” शंकरप्पा हळू आवाजात म्हणाले, जसे देवळात बोलतात, “जत्रा हाय रे खाली.”

व्यंकटीनं पेंडीत मळलेल्या कणकेची गोळी नीट दाबून बसवली आणि गळ टाकला. तंगुसाला बांधलेलं बूच दोनदा हललं, तिसऱ्यांदा सरळ खाली गेलं. तंगूस व्यंकटीच्या जुन्याच जखमेत रुतला, रक्त मनगटावर आलं, पण त्यानं ढील दिली, ओढलं, पुन्हा ढील दिली. दोन वर्षांच्या पोराएवढा कटला काठाशी आला. आता सवयीनं तो पाण्यात उतरणार, तेवढ्यात स्वतःच थबकला आणि त्यानं मारोतीकडं पाहिलं. पारूबाई काठावर पालथी पडली, हात लांबवून पाटी मासळीखाली सारली आणि दोघांनी मिळून ती वर ओढली. मासळी पाटीत आपटत होती. पारूबाईच्या तोंडावर, लुगड्यावर पाणीच पाणी उडालं होतं आणि ती हसत होती.

पाटी लिंबाखाली आणली. केवळाबाईनं मासळीवरून हात फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. “कटला,” ती म्हणाली. “मशीन कुनी आनलं म्हनलीस?”

“ह्या अप्पांनी, आत्याबाई.”

“मंग मासळी त्येंची.”

शंकरप्पा दोन पावलं मागं सरले. भोयांच्या घरात ही रीत आहे. नव्या जाळ्याची पहिली मासळी जाळं विणणाऱ्याला द्यायची. लहान असो, मोठी असो, घरात चूल पेटलेली असो नसो, ती घरात न्यायची नाही. आजवर जाळं विणणारे आपलेच सोयरेधायरे होते आणि ते आवडीनं खायचे. लिंगायताच्या दुकानातून जाळं येण्याची ही पहिलीच वेळ.

“माय,” व्यंकटी खाली बसला, “एकच लागलीय. उद्याच्याला जीप हाय. ही ढाब्यावर दिली तर...”

“जाळं कुनाचं?” केवळाबाईनं एवढंच विचारलं.

पारूबाईनं पाटी उचलली आणि शंकरप्पांपुढं ठेवली. ती मासळी तिच्यासाठी काय होती, हे मला तिच्या हातांवरून कळत होतं. पण तिनं ठेवली, आणि मनापासून ठेवली. “घ्या अप्पा,” ती म्हणाली. “तुमच्यामुळं दिसली.”

शंकरप्पांची मोठी अडचण झाली. नको म्हणावं तर रीत मोडते, घ्यावी तर सात पिढ्यांचा नेम बुडतो. ते बराच वेळ त्या मासळीकडं बघत राहिले. मासळीचे कल्ले उघडत होते, मिटत होते.

“माजी म्हनता न्हवं?” त्यांनी विचारलं. “मी काय करायचं ते करू?”

“तुमचीच हाय.”

“मंग मी सोडतो तिला.” मग ते मारोतीकडं वळले. “पान्याला हात लावू का?”

मारोतीनं काठी बगलेत धरली. “पाय घालायला मनाई हाय, अप्पा. हात लावायला कुठाय?”

शंकरप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा मासळीला हात लावला. पाटी व्यंकटीनं धरली, मासळी अप्पांनी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पाण्यात सोडली. ती क्षणभर काठाशीच राहिली. मग शेपटीचा एक फटकारा मारून खाली गेली. व्यंकटी त्या जागेकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मासळी गेल्याचं होतं की काय, मला सांगता येणार नाही. पण पुढच्याच क्षणी तो वाकून शंकरप्पांच्या पाया पडला, आणि अप्पा “अरे, अरे, हात मासळीचे हायेत माजे” म्हणत उभेच राहिले.

चहा पिऊन शंकरप्पा दुपारच्या एसटीनं गेले. व्यंकटी आणि पारूबाई खड्ड्यापाशी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत पाटीत रोहू आले, चिलापी आली, एक मरळ आली. ढाब्यावाल्यानं सगळी घेतली आणि रोज आणायला सांगितलं. घरापुरती पारूबाईनं मागं ठेवली होती. चुलीपुढं बसून तिनं व्यंकटीला विचारलं, “मंग?” तो म्हणाला, “मंग काय. उद्या लवकर जायला पायजे, ऊन व्हायच्या आत.” केवळाबाई ताटात काटे चाचपत ऐकत होती.

सोमवारी तांबडं फुटताना जीप आली. मी ओट्यावर दात घासत होतो. समोर व्यंकटीच्या दाराला कडी होती आणि दाराबाहेर केवळाबाई एकटीच भिंतीला हात लावून उभी होती. ड्रायव्हरनं भोंगा दिला.

“आजी, कुठं हायेत दोघं? सामान टाका म्हनाव.”

“तळ्यावर गेलेत.”

“आता? येत न्हाईत का काय?”

“न्हाई येत.” तिनं आवाजाच्या दिशेनं एक डबा पुढं केला. “ह्यात भाजलेली मासळी हाय. पारूच्या भैनीला दे. म्हनाव, जागा धरलीस ती लई मोटी गोष्ट केलीस बाई. तुमचे उपकार हायेत आमच्यावर. पन आमी हितंच हाव.”

ड्रायव्हरनं डबा घेतला, जीप वळवली आणि बिदरच्या रस्त्याला लागला. आवाज पार बंद होईस्तोवर केवळाबाई तशीच उभी होती. मग ती हळूहळू उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या दिवसांत तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी तोंडातली राखुंडी थुंकून पळतच तिच्याकडं गेलो.

“काय झालं आजी? कामून रडायलीस?”

तिनं माझा हात चाचपून घट्ट धरला.

“जीप गेली रं बाबा,” ती म्हणाली. “रिकामी गेली.”